मी मळलो नव्हतो

मित्रांनो, माझा जन्म, माझं घर, माझी माणसं हे सगळं सांगेनच. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी मळलेला नाही. कधीच नव्हतो.

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. टीव्हीला वायर जोडून, वरच्या खाचेत कॅसेट घालून खेळायचा. माझं झाकण अर्धं पांढरं आणि अर्धं पिवळं आहे. पाहणाऱ्याला हसू येतं. खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या. या पिवळ्या रंगापायी एका मुलीवर वीसेक वर्षं आळ राहिला, आणि मला तोंड नसल्यामुळे तिच्या बाजूने मी एक शब्दही बोलू शकलो नाही. आज बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तांदळाएवढे प्लास्टिकचे दाणे वितळवून, साच्यात दाबून माझं अंग घडवलं गेलं. त्याचे दोन भाग होते, वरचं झाकण आणि खालचा तळ. दोन्ही दिसायला दुधावरच्या सायीसारखे पांढरे. पण झाकणाचे दाणे एका पोत्यातले आणि तळाचे दुसऱ्या पोत्यातले. माझ्या पोटातल्या तारा आणि पट्ट्या तापतात. त्या तापाने प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून दाण्यांत ब्रोमिन असलेलं एक द्रव्य मिसळतात. झाकणाच्या पोत्यात ते एका प्रमाणात पडलं, तळाच्या पोत्यात निराळ्या. कारखान्यात कुणी त्याची फिकीर केली नाही. रंग जुळला, स्क्रू बसले, खोकं बंद झालं.

माझ्या अंगात असं काही आहे, हे खोक्यावरही कुणी छापलं नाही. छापलं असतं तर पुढचा अन्याय टळला असता.

मला विकत घेतलं पुंजाजींनी. ते मलकापूरच्या रेल्वे स्टेशनात पार्सल विभागात कामाला होते. त्यांचा मुलगा प्रसेनजित दहावीला पहिल्या वर्गात पास झाला, त्याचं हे बक्षीस. खोकं उघडलं तेव्हा घरात केवढी गर्दी झाली! टीव्हीसमोर सतरंजी अंथरली. गल्लीतली पोरं दारात चपला काढून, हात पुसून आत येत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारत आणि पुन्हा मला लावत. मी सगळ्यांना खेळवलं. हरणाऱ्याला हिणवलं नाही, जिंकणाऱ्याला फसवलं नाही.

फक्त एका मुलीला मी फारसा खेळवू शकलो नाही. ती प्रसेनजितची धाकटी बहीण, समता. तिला दुसरा रिमोट मिळायचा तो भावाचा कुणी मित्र आलेला नसेल तेव्हाच, आणि मित्र तर रोजच यायचे. ती सतरंजीच्या कडेला बसून पाहायची. तिला डाव माझ्यापेक्षा चांगले पाठ होते.

एकदा माझ्या मागचा प्लग भिंतीतल्या बोर्डात ठिणग्या टाकू लागला. माझ्याखालचा टेबलक्लॉथ जळाला, वायरचं आवरण वितळलं. मी एका कोपऱ्याला जरासा पिळवटलो, पण पेट घेतला नाही. घराचं नुकसान टेबलक्लॉथवरच थांबलं. सगळ्यांनी वीज कंपनीला शिव्या दिल्या. माझ्या अंगातल्या त्या द्रव्याचे आभार कुणी मानले नाहीत. मी तेही मनावर घेतलं नव्हतं. पुढे जे झालं ते मात्र घेतलं.

पुढच्या शिक्षणासाठी प्रसेनजित अकोल्याला गेला. जाताना त्याने बहिणीला बजावलं, “समते, याले सांभाळजो. हात नको लावू, फक्त सांभाळ.” हात न लावता सांभाळायचं कसं, ते त्याने सांगितलं नाही.

समताने मला सांभाळलं. घर दोन खोल्यांचं. कपाटावर उंदीर फिरत, कोपऱ्यात ओल यायची, म्हणून तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. वर जुनी पांढरी ओढणी टाकली. रविवारी ती ओढणी झटकायची, कोरड्या फडक्याने माझ्यावरची धूळ टिपायची आणि वायरची गुंडाळी नीट करायची. इतकी वर्षं तिने मला एकदाही टीव्हीला लावलं नाही. सांगितलं होतं ना, हात नको लावू म्हणून.

खिडकी पश्चिमेची होती. मलकापूरचं चैत्र-वैशाखातलं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. ते पातळ ओढणीतून सहज आत शिरायचं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या झाकणावर बसून राहायचं. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू या तिघांनी मिळून माझ्या आत काम सुरू केलं. आगीपासून वाचवायला घातलेलं ते द्रव्य हळूहळू बिघडू लागलं, आणि त्याबरोबर माझा रंग बदलू लागला. हा रंग बाहेरून लागलेला नव्हता. तो माझ्या आतून उगवत होता. पण रोज पाहणाऱ्याला रोजचा बदल दिसत नाही. समतालाही दिसला नाही.

मग एका उन्हाळ्यात प्रसेनजित शिक्षण संपवून घरी आला. त्या दिवशी त्याची आई, केसरबाई, वर्षाची हळद कांडत होत्या आणि समता चाळून देत होती. भाऊ आला म्हणताच ती तशीच उठून दाराशी धावली. मनगटापर्यंत तिचे हात पिवळे होते.

प्रसेनजित पाणी प्यायला, त्याने इकडची तिकडची चौकशी केली आणि फळीवरची ओढणी ओढली. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे.

“हे काय केलं वं समते? हळदीचे हात लावले तू याले?”

“नाई लावले, दादा.”

ती एवढंच बोलली. आणखी काय बोलणार? कारण तिलाही माहीत नव्हतं. माझ्याकडे कारण होतं, पण वाचा नव्हती. केसरबाई मुलाची समजूत घालत म्हणाल्या की लेकराच्या हातून होतं एखाद वेळी, सोडून दे. म्हणजे त्यांनीही मानलंच. वडिलांनी तर विषयच ऐकला नाही. निकाल लागला. पुरावा काय, तर तिचे हात पिवळे आणि मीही पिवळा.

मित्रांनो, माझ्या झाकणाची फट, खाचेची आतली कड, जिथे बोट शिरतच नाही तिथेही मी पिवळा झालो होतो. तिथे हळद लावायला कोण गेलं होतं? एवढं तरी कुणी बघायचं!

त्या दिवसापासून त्या घरात एक थट्टा रुजू झाली. पांढरा फ्रीज आला, “समते, दुरूनच पाह्य.” सोफ्याला नवी खोळ चढली, “समतेले खुर्ची द्या.” ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, उंद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली. थट्टा मात्र तशीच राहिली. कॉलेजात असताना एकदा तिने घरी सांगून पाहिलं की प्लास्टिक स्वतःहून पिवळं पडतं. भाऊ म्हणाला की आता शिकली तर बहाणेही शिकलेले करते. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. अंधारात मी पुष्कळ वर्षं तो एकच प्रश्न चघळत पडलो, की ज्याला कुणी विचारत नाही त्याने खरं सांगायचं तरी कोणाला?

आता पुंजाजी नाहीत. प्रसेनजित बँकेत अधिकारी आहे आणि त्याने मलकापुरातच नवं घर बांधलं. बुद्धपौर्णिमेला घरात वंदना आणि मग पाहुण्यांना जेवण असं ठरलं. दिवाणखान्यात काचेचं मोठं शोकेस आहे. त्यात जुन्या वस्तू मांडायची हल्ली पद्धत आहे, आणि जुन्या व्हिडिओ गेमला तर म्हणे फारच भाव आलाय. तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली.

पौर्णिमेला काही दिवस होते. समता मुलीला, निशिगंधाला घेऊन मदतीला आली होती. प्रसेनजितने मला पोत्यातून काढून सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि भाचीला ती जुनी गोष्ट रंगवून सांगितली. हळद, दाराशी धावणं, पिवळे हात, सगळं. निशिगंधा सातवीत आहे. ती पोट धरून हसली. मग आईकडे वळून म्हणाली, “आई, खरंच तू असं केलं होतंस? आणि वर नाही म्हणालीस?”

समता हातातली मेथी निवडत राहिली, पण पानं टाकत होती कचऱ्यात आणि काड्या पातेल्यात. वीसेक वर्षं तिने थट्टा सोसली होती. आता तिची लेक तिला खोटारडी समजणार होती. माझ्या प्लास्टिकला घाम येत असता तर तेव्हा आला असता.

प्रसेनजितने फर्मावलं की पौर्णिमेपर्यंत मला पांढरं करायचं. केसरबाईंनी ते काम लगेच अंगावर घेतलं. वंदनेच्या पांढऱ्या साड्या धुवायच्याच होत्या. त्यांनी मलाही मोरीत नेलं. साबणाने घासलं, सोड्याने घासलं, मग लिंबाने. मी जसाच्या तसा. साडी धुऊनही पिवळट राहिली तर त्या काय करतात? नीळ देतात. मलाही दिली! निळीच्या पाण्याची बादली माझ्या झाकणावर उपडी केली आणि फडक्याने चोळली. पिवळ्यावर निळा रंग बसला की काय होतं, हे निशिगंधाच्या चित्रकलेच्या वहीला विचारा. मी शेवाळलेल्या हौदासारखा हिरवा झालो. मळलेला म्हणून झालं होतंच, आता शेवाळलेलाही म्हणून घ्या.

समता मोरीच्या दाराशी आली तेव्हा केसरबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. तिने मला उचललं, निळीचे ओघळ पाण्याने काढले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, याले साबण लावला तेव्हा लाल झालं का?”

केसरबाईंनी कपाळावरचा हात खाली घेतला. हळदीच्या डागावर साबण पडला की तो लालभडक होतो, हे कपडे धुणाऱ्या कुठल्या बाईला सांगावं लागतं? जन्मभर त्यांनी तेच पाहिलं होतं.

“नाई झालं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “हळद असती तं लाल झालं असतं, बाई.” मग पदराने डोळे पुसले, आणि निळीची बोटं गालाला लागली तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी त्यांनीच मुलाला हे सांगितलं. तो एवढ्याने ऐकणारा नव्हता. म्हणाला, हळद नसेल तर स्टोव्हचा धूर असेल, फोडणीची वाफ असेल. ठेवलं तर तिनेच होतं ना स्वयंपाकघरात? समताने मला पेचकसाने उघडलं आणि झाकण व तळ शेजारी शेजारी ठेवले. घर तेच, फळी तीच. झाकण पिवळं आणि तळ अजून पांढरा. “तळ खाली राह्यते,” प्रसेनजित म्हणाला, “त्याले कशाचा धूर लागंन?” आणि मग जे म्हणाला ते ऐकून माझे स्क्रू ढिले झाले. “तू सायन्सची ना? काढून दे पिवळं. निघालं म्हणजे मळच होता, दुसरं काय.”

तुम्हाला यातला पेच कळला का? माझा रंग काढायची रीत समताला माहीत होती. पण ती वापरून तिने मला पांढरं केलं असतं, तर त्याच पांढऱ्या रंगाने तिच्यावरचा आळ पक्का झाला असता. आणि नसतं केलं, तर तिला येत नाही म्हणून हसले असते. तिला दोन्हीकडून हरवायची ही सोय, आणि ती करणारा तिचा सख्खा भाऊ.

ती गच्चीवर जाऊन बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. खाली आली ती सरळ मेडिकलच्या दुकानात गेली आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटल्या घेऊन आली. जखम धुवायला वापरतात तेच, पण जरा तीव्र. मित्रांनो, हे काम एकट्याने कधी करू नका. ते द्रव कातडी भाजून पांढरी करतं, डोळ्यांत गेलं तर इजा करतं. समताने रबरी हातमोजे आणि चष्मा घातला होता, आणि निशिगंधाला लांब उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझं नुसतं झाकण एका पारदर्शक, उथळ डब्यात ठेवलं आणि ते बुडेपर्यंत द्रव ओतलं. वर पारदर्शक झाकण सैलसर टेकवलं, म्हणजे आत तयार होणारा वायू कोंडणार नाही. मग तिने एक जाड काळा पुठ्ठा घेतला आणि बरोब्बर अर्ध्या डब्यावर तो ठेवून बाजूनेही गुंडाळला. असा मी सकाळच्या उन्हात गच्चीवर गेलो, अर्धा उजेडात आणि अर्धा अंधारात.

“हे काय करून राह्यली?” प्रसेनजितने विचारलं.

“दादा, पाणी एकच आहे. मळ असंन तं दोन्हीकडचा सारखाच निघंन. हो का नाही?”

“हाव,” तो म्हणाला. त्याला म्हणावंच लागलं.

त्या दिवशीचं ऊन मी विसरणार नाही. ज्या उन्हाने मला बिघडवलं तेच आता, त्या द्रवाच्या संगतीने, मला सुधरवत होतं. माझ्या अंगावर बारीक बुडबुडे धरत होते. प्रसेनजित काही ना काही निमित्त काढून वर येत होता. कधी टाकीचं पाणी बघायला, कधी वाळवण बघायला. दुपारी त्याने हळूच पुठ्ठ्याची कड उचलायला हात पुढे केला, तेव्हा सावलीत बसलेल्या केसरबाई म्हणाल्या, “ठेव तसंच. आता तुहा हात नको लावू त्याले.”

ऊन उतरल्यावर समताने मला बाहेर काढलं, स्वच्छ पाण्याने धुतलं आणि सगळ्यांसमोर चटईवर ठेवलं. उजेडातला अर्धा भाग पांढरा झाला होता. पुठ्ठ्याखालचा भाग पिवळाच होता. उतरला असेल तर जेमतेम. मधे पट्टीने आखावी तशी रेघ.

प्रसेनजितने मला उचललं. पिवळ्या भागावर अंगठा घासला. मग नख घासलं. मग ओला रुमाल आणून घासला. पाणी एकच, डबा एकच, आणि पिवळं निघत नव्हतं. बँकेत रोज लोकांना कागद दाखवा म्हणणारा माणूस. कागद आता त्याच्या हातात होता.

मग तो मला खाली ठेवत म्हणाला, “ठीक आहे. उद्या हे बी अर्धं ठेव उन्हात. पौर्णिमेले पाहुणे आहेत.”

“नाही ठेवत,” समता म्हणाली.

“अशा अर्धवटाले पाहुणे हसतीन नाई का? विचारतीन, हे काऊन असं.”

“विचारू दे की. तू सांगजो.”

तिचा आवाज चढला नव्हता. पण तिने भावाला नाही म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. म्हणजे दुसऱ्यांदा, पहिल्या वेळी कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

पौर्णिमेला वंदना झाली. मी शोकेसमध्ये होतो. प्रसेनजितने मला तिरकं ठेवून माझी पिवळी बाजू भिंतीकडे केली होती. केसरबाई पांढऱ्या साडीत आल्या, काच सरकवली, मला समोर वळवलं आणि जाऊन बसल्या.

जेवणं झाल्यावर प्रसेनजितचे बँकेतले सहकारी माणिकराव शोकेसपाशी आले. आमच्याकडेही असाच होता म्हणाले, आणि मग विचारलंच, “पण साहेब, हा अर्धा पिवळा अन् अर्धा पांढरा कसा?”

प्रसेनजित म्हणाला की ते जरा केमिकलचं आहे, लांबलचक गोष्ट आहे. माणिकराव म्हणाले की त्यांना घाई नाही. निशिगंधा पाण्याचा जग घेऊन तिथेच उभी होती आणि मामाच्या तोंडाकडे पाहत होती. आत ताटं उचलण्याचा आवाज थांबला होता.

“हा माझ्या बहिणीनं खराब केला असं मी सांगत आलो,” प्रसेनजित म्हणाला. “तिनं काहीच केलं नव्हतं. हा आपोआप पिवळा पडला. मी तिले विचारलं, ती नाही म्हणाली, आन् म्या ऐकलं नाही. वीस वर्षं तिले हसलो.”

माणिकरावांनी उगाच माझ्या कॅसेटच्या खाचेत डोकावून पाहिलं. निशिगंधा जग तिथेच ठेवून आत गेली. आत काय झालं ते मला दिसलं नाही. मला काच सोडून जाता येत नाही.

एकदा कबूल केलं म्हणून वीस वर्षं फिटत नाहीत. माझा राग अजून गेलेला नाही, आणि समताने माझा उरलेला भाग अजून उन्हात ठेवलेला नाही. पाहुणे येतात, विचारतात, आणि प्रसेनजितला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. हल्ली तो न अडखळता सांगतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल तर त्याला उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, थंड आणि सावलीच्या जागी ठेवा. मोरीत नेऊन घासू नका. नीळ तर मुळीच देऊ नका. आणि हेही सांगून ठेवतो, ते द्रव्य अजून माझ्या अंगातच आहे. आज पांढरा दिसणारा माझा अर्धा भाग काही वर्षांनी पुन्हा पिवळा पडेल. पडो. तेव्हा घरात कुणाचे हात कसे आहेत ते बघत फिरू नका. माझ्याकडे नीट बघा, मला उघडून बघा, आणि जो नाही म्हणतो त्याचं आधी ऐकून घ्या.